वाचकांचे प्रश्न : ‘ग्रोथ’ ईटीएफ घेण्यापूर्वी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत : वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांच्या समभागांत पैसे गुंतवणारे आणि शेअर बाजारात शेअरप्रमाणेच खरेदी-विक्री होणारे फंड, म्हणजेच ‘ग्रोथ’ ईटीएफ. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. माझ्या म्युच्युअल फंडाच्या विवरणपत्रावर योजनेच्या नावापुढे ‘ग्रोथ’ असे छापलेले आहे. मुलगा म्हणतो, आता ‘ग्रोथ ईटीएफ’ घ्या. ग्रोथ माझ्याकडे आधीच आहे, मग तेच पुन्हा कशाला घ्यायचे? (एक वाचक, सांगली)

आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि तो फरक कुणी आवर्जून समजावून सांगत नाही. आपल्या विवरणपत्रावरील ‘ग्रोथ’ हा योजनेतला एक पर्याय आहे. फंडाला झालेला नफा युनिटधारकांना वाटून न देता योजनेतच राहू दिला जातो आणि त्यामुळे युनिटचे मूल्य वाढत जाते, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या जोडीचा दुसरा पर्याय पूर्वी ‘डिव्हिडंड’ म्हणून ओळखला जाई. तो लाभांश म्हणजे अनेकदा आपल्याच भांडवलातून काढून हाती दिलेली रक्कम असते, हे गुंतवणूकदाराच्या ध्यानात यावे म्हणून सेबीने १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नाव बदलून ‘आयडीसीडब्ल्यू’, म्हणजे ‘उत्पन्नाचे वाटप व भांडवल काढून देणे’, असे केले. बँकेतल्या ठेवीचे व्याज दर तिमाहीला खात्यात घ्यायचे की ठेवीतच मुरू द्यायचे, यात जो फरक आहे तोच या दोन पर्यायांत आहे. त्यामुळे निव्वळ कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या, शेअर बाजाराचे तोंडही न पाहणाऱ्या योजनेच्या नावापुढेही ‘ग्रोथ’ असू शकते.

‘ग्रोथ ईटीएफ’मधला ‘ग्रोथ’ मात्र समभाग निवडण्याच्या पद्धतीचे नाव आहे. अमेरिकेत ही पद्धत रुळलेली आहे. तेथील व्हॅनगार्ड ग्रोथ ईटीएफ ज्या निर्देशांकावर (ठरावीक नियमांनी निवडलेल्या समभागांच्या यादीवर) चालतो, त्यात एखादी कंपनी ‘ग्रोथ’ गटात घ्यायची की नाही हे ठरवताना सहा गोष्टी पाहिल्या जातात : प्रतिसमभाग नफ्यात पुढील काळात अपेक्षित असलेली दीर्घकालीन वाढ, त्याच नफ्यातली नजीकच्या काळातली अपेक्षित वाढ, मागील तीन वर्षांतली नफ्याची वाढ, मागील तीन वर्षांतली विक्रीची वाढ, मालमत्तेच्या तुलनेत कंपनी करीत असलेली नवी गुंतवणूक आणि मालमत्तेवर मिळणारा परतावा. या सहा गोष्टींत समभागाच्या भावाचा कोठेही उल्लेख नाही, हे आपण लक्षात घ्यावे. कंपनी वाढते आहे का, एवढेच ही कसोटी विचारते. त्या वाढीसाठी बाजार आज किती किंमत मागतो आहे, हे ती विचारत नाही.

आपल्याकडे निखळ ‘ग्रोथ’ पद्धतीचे ईटीएफ फारसे नाहीत. भारतातला पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, डिसेंबर २००१ मध्ये आला तो निफ्टी ५० वर, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकावर, आणि आजही मोठा पैसा अशा व्यापक निर्देशांकांवरच्या ईटीएफमध्ये आहे. ‘ग्रोथ’ म्हणून जे सुचवले जाते ते बहुधा निफ्टी नेक्स्ट ५० (त्यांच्या खालोखालच्या पन्नास कंपन्या), निफ्टी २०० मोमेंटम ३० किंवा अमेरिकेच्या नॅस्डॅक १०० वरचे ईटीएफ असतात. यांतला मोमेंटम निर्देशांक तर कंपनीच्या नफ्याकडे बघतच नाही. गेल्या सहा आणि बारा महिन्यांत ज्या समभागांचा भाव चढ-उताराच्या मानाने अधिक वाढला, ते तो निवडतो आणि दर सहा महिन्यांनी यादी बदलतो. भाव वाढणे आणि धंदा वाढणे यांत पुष्कळ अंतर असते. मुलाने नेमका कोणता ईटीएफ सुचवला आहे ते विचारून घ्यावे आणि नावावर न जाता तो कोणत्या निर्देशांकावर चालतो, एवढे एक वाक्य त्याच्या माहितीपत्रकातून वाचून घ्यावे. निवृत्तिवेतनावर घर चालत असेल आणि आहे त्या फंडात समाधान असेल, तर आपल्याला नव्या ईटीएफची गरज आहे असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी २८ वर्षांचा असून हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. दोन वर्षांपासून दरमहा १५,००० रुपये इथल्या बाजारात मिळणाऱ्या नॅस्डॅक १०० च्या ईटीएफमध्ये गुंतवतो. परवा एका सहकाऱ्याने दाखवले की मी ज्या भावाने युनिट घेतो तो त्याच्या मूल्यापेक्षा बराच जास्त आहे. माझी फसवणूक झाली आहे का? आणि पुढची सगळी बचत यातच ठेवली तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

फसवणूक झालेली नाही. पण आपण जास्त किंमत मोजत आहात, आणि ती का मोजावी लागते हे समजून घेतल्याशिवाय पुढचा हप्ता भरू नये, असे मी कळकळीने सांगेन.

ईटीएफच्या एका युनिटला दोन आकडे असतात. पहिला निव्वळ मालमत्ता मूल्याचा, म्हणजे फंडाकडे असलेल्या समभागांची किंमत भागिले युनिटांची संख्या. बाजार चालू असताना त्याचा अंदाज ‘आयनॅव्ह’ या नावाने फंड घराण्याच्या संकेतस्थळावर दिसतो. दुसरा आकडा बाजारभावाचा, म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्यात जो ठरेल तो. एरवी हे दोन आकडे एकमेकांना धरून राहतात, आणि त्याचे श्रेय मार्केट मेकरना, म्हणजे युनिटांची सतत खरेदी-विक्री करण्यासाठी नेमलेल्या दलालांना, जाते. भाव मूल्याच्या वर गेला की मार्केट मेकर फंड घराण्याला रक्कम किंवा समभाग देऊन नवी युनिटे तयार करून घेतो, ती बाजारात विकतो, आणि पुरवठा वाढल्यामुळे भाव खाली येतो. भाव मूल्याच्या खाली गेला की तो उलटा व्यवहार करतो.

परदेशी समभागांवरच्या ईटीएफमध्ये हा नळ बंद झाला. भारतीय म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती पैसे गुंतवावेत याला रिझर्व्ह बँकेने ७ अब्ज डॉलरची मर्यादा घातलेली आहे आणि परदेशी ईटीएफमध्ये गुंतवण्यासाठी १ अब्ज डॉलरची वेगळी मर्यादा आहे. पहिली मर्यादा भरत आल्यामुळे २०२२ च्या आरंभी आणि दुसरी भरत आल्यामुळे एप्रिल २०२४ पासून, फंड घराण्यांना नवे पैसे घेणे थांबवावे लागले. फंड घराणे पैसेच घेऊ शकत नसेल तर नवी युनिटे तयार होत नाहीत. आहेत तीच युनिटे या हातातून त्या हातात फिरतात, आणि दरमहा पगार झाला की आपल्यासारखे हजारो जण ती मागतात. भाव चढणारच.

थोडा फरक मात्र नेहमीच राहील, त्याने घाबरू नये. आपला बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो आणि अमेरिकेचा बाजार आपल्या घड्याळाप्रमाणे उन्हाळ्यात सायंकाळी सात वाजता व हिवाळ्यात आठ वाजता उघडतो. म्हणजे आपण युनिट घेता तेव्हा त्यामागचे समभाग झोपलेले असतात आणि त्यांचा आजचा भाव कुणालाच ठाऊक नसतो. त्यामुळे टक्का-दोन टक्क्यांचा फरक समजण्यासारखा आहे. दहा-पंधरा टक्क्यांचा समजण्यासारखा नाही.

तो किती महाग पडतो, हे आपल्याच हप्त्यावरून पाहू. मूल्य १०० रुपये आणि भाव ११५ रुपये असेल, तर आपल्या १५,००० रुपयांत सुमारे १३० युनिटे येतात आणि त्यांच्यामागे प्रत्यक्षात फक्त १३,००० रुपयांचे समभाग असतात. उरलेले दोन हजार रुपये युनिटांच्या टंचाईची किंमत आहे. पुढच्या वर्षी निर्देशांक १० टक्के वाढला आणि दरम्यान मर्यादा शिथिल होऊन मूल्यावरची ही जादा किंमत, म्हणजे अधिमूल्य, विरले, तर ११५ ला घेतलेले युनिट ११० ला विकले जाईल. निर्देशांक वाढला आणि आपण तोट्यात गेलो, असे होऊ शकते. नवी युनिटे काढण्याची मुभा ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी हे होईल, आणि तो दिवस आपल्याला आधी कळणार नाही.

म्हणून मी तीन गोष्टी सुचवतो. आपोआप होणारी मासिक खरेदी तूर्त थांबवावी आणि प्रत्येक खरेदीपूर्वी आयनॅव्ह पाहून, त्याच्या अगदी जवळचा भाव लिहूनच लिमिट ऑर्डर (लिहिलेल्या भावाहून जास्त भावाने खरेदी न करण्याची सूचना) टाकावी. मिळाली तर मिळाली. दुसरे, एखाद्या फंड घराण्याचा नॅस्डॅक १०० वरचा साधा इंडेक्स फंड (बाजारातून नव्हे, थेट फंड घराण्याकडून घेतला जाणारा) त्या वेळी पैसे स्वीकारत असेल तर तो घ्यावा, कारण तेथे युनिट मूल्यालाच मिळते आणि अधिमूल्याचा प्रश्न उद्भवत नाही. तिसरे, हातातली जुनी युनिटे घाईने विकू नयेत. परंतु अधिमूल्य फारच फुगलेले असेल तर विकणाऱ्यालाही तो चढा भाव मिळतो, हे विसरू नये. विकल्यावर कर लागेल तो असा : बारा महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकल्यास आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. भारतीय समभागांच्या ईटीएफला वर्षाला १.२५ लाख रुपयांपर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर जी सूट मिळते, ती येथे मिळत नाही.

उदारीकृत प्रेषण योजनेतून थेट अमेरिकेत पैसे पाठवण्याचा मार्गही आहे. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल होणारा कर, कापला जात नाही. तथापि बँकेचे प्रेषण शुल्क आणि डॉलरच्या दरातला फरक पाहता दरमहा १५,००० पाठवणे आतबट्ट्याचे ठरेल. पाठवायचेच तर वर्षातून एकदा किंवा दोनदा पाठवावेत आणि आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता न चुकता भरावा.

आता दुसरा प्रश्न, सगळी बचत यात ठेवण्याचा. येथे दुसरी किंमत येते, समभागांची स्वतःची. नॅस्डॅक १०० हा खरे म्हणजे ‘ग्रोथ’ कसोटीवर निवडलेला निर्देशांक नाही. नॅस्डॅक बाजारात नोंदलेल्या, वित्तीय क्षेत्राबाहेरच्या सर्वांत मोठ्या १०० कंपन्यांचा तो निर्देशांक आहे. म्हणून त्यात पेप्सिको आणि कॉस्टकोही आहेत. पण वजन पाहिले तर वरच्या मोजक्या तंत्रज्ञान कंपन्याच त्याला हलवतात. हे वजन इतके वाढले होते की २४ जुलै २०२३ रोजी निर्देशांकाची खास फेररचना करून ते कमी करावे लागले.

१० मार्च २००० रोजी, त्याच बाजारातल्या जवळजवळ सर्व समभागांचा नॅस्डॅक कंपोझिट निर्देशांक ५,०४८ वर बंद झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ वर होता. त्या जुन्या उच्चांकाच्या वर तो पुन्हा बंद झाला एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. कुणी म्हणेल, त्या काळच्या कंपन्या पोकळ होत्या. सगळ्या नव्हत्या. मायक्रोसॉफ्टचेच पाहा. २००० च्या आर्थिक वर्षात तिची विक्री सुमारे २३ अब्ज डॉलर होती, २०१६ मध्ये ती सुमारे ८५ अब्ज झाली. कंपनी दिलेल्या शब्दाप्रमाणे वाढली. तरीही डिसेंबर १९९९ मधला समभागाचा उच्चांक ओलांडायला ऑक्टोबर २०१६ उजाडावा लागला, कारण १९९९ सालच्या खरेदीदारांनी त्या सगळ्या वाढीची किंमत आगाऊच मोजून टाकली होती. माझ्या परिचयाचे ठाण्यातले एक बँक कर्मचारी त्याच सुमारास आलेल्या तंत्रज्ञान फंडात दहा रुपये दराने शिरले होते. युनिट निम्म्याच्याही खाली गेल्यावर ते विवरणपत्राचे लिफाफे न फोडताच कपाटात टाकू लागले. मला त्या लिफाफ्यांचा गठ्ठा अजून आठवतो.

हे सांगून मी आपल्याला या निर्देशांकापासून दूर ठेवू इच्छित नाही. २०२२ मध्ये नॅस्डॅक १०० सुमारे ३३ टक्के घसरला आणि २०२३ मध्ये सुमारे ५४ टक्के वाढला. ज्याच्यापाशी वेळ आहे त्याने हे सोसावे. शिवाय रुपयाची घसरण आपल्या बाजूने काम करते. भारतात नॅस्डॅक १०० वरचा पहिला ईटीएफ मार्च २०११ मध्ये आला तेव्हा डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता आणि २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला, म्हणजे निर्देशांक जागचा हलला नसता तरी रुपयांत वर्षाला सुमारे साडेचार टक्के मिळाले असते. पण आपण हिंजवडीत ज्या कामाचा पगार घेता, त्याचे ग्राहक बहुधा अमेरिकेतच आहेत. तेथे तंत्रज्ञानावरचा खर्च आटला तर त्याच वर्षी आपला ईटीएफ पडेल आणि त्याच वर्षी आपल्या कंपनीत नोकरकपातीची बैठक होईल. पगार आणि बचत एकाच दोरीला टांगू नये. समभागांतील गुंतवणुकीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शापेक्षा अधिक येथे ठेवू नये, असे माझे मत आहे, आणि तोही हिस्सा सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला काढून ठेवल्यानंतरच.

प्रश्न : आम्ही बारा वर्षांपासून न्यू जर्सीत राहतो. माझ्याकडे व्हॅनगार्ड ग्रोथ ईटीएफ आणि इन्व्हेस्को क्यूक्यूक्यू दोन्ही समसमान आहेत, म्हणजे गुंतवणूक विभागलेली आहे असे मी समजते. साताऱ्याचे सासरे म्हणतात की थोडे पैसे भारतातल्या ईटीएफमध्येही ठेवा. ठेवावेत का? (एक वाचक, एडिसन)

ही विभागणी बव्हंशी कागदोपत्री आहे. क्यूक्यूक्यू हा नॅस्डॅक १०० वरचा अमेरिकेतला ईटीएफ आहे, आणि दोन्ही फंडांत सर्वांत मोठे वजन ॲपल, मायक्रोसॉफ्ट, एनव्हिडिया, ॲमेझॉन अशा त्याच कंपन्यांचे असते. फरक कडेला आहे : व्हिसा, मास्टरकार्ड किंवा औषधनिर्मितीतली एली लिली या कंपन्या न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदलेल्या असल्यामुळे व्हॅनगार्डच्या फंडात असतात आणि क्यूक्यूक्यूमध्ये असत नाहीत. दोन्ही ठेवण्यात नुकसान नाही. पण एक पडला तर दुसरा सावरेल, ही अपेक्षा धरू नये. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा रसेल १००० ग्रोथ निर्देशांक सुमारे २९ टक्के घसरला, तर त्याचा जोडीदार, तुलनेने स्वस्त समभागांचा रसेल १००० व्हॅल्यू, साडेसात टक्क्यांच्या आसपास. खरी विभागणी त्या दुसऱ्या बाजूला किंवा संपूर्ण बाजाराच्या निर्देशांकात आहे.

सासऱ्यांचा सल्ला आपुलकीचा आहे, परंतु आपण तो मानू नये. अमेरिकेत कर भरणाऱ्या व्यक्तीने भारतीय म्युच्युअल फंड किंवा ईटीएफ घेतला की तेथील करखाते त्याला ‘पीएफआयसी’, म्हणजे कडक करनियम लागू होणारी परदेशी गुंतवणूक कंपनी, समजते. मग प्रत्येक फंडासाठी ८६२१ क्रमांकाचा अर्ज भरावा लागू शकतो, आणि नफ्यावरील कर मागील वर्षांत विभागून सर्वोच्च दराने व वर व्याज लावून आकारला जाण्याची शक्यता असते. फंडाच्या नफ्यापेक्षा सनदी लेखापालाची फी मोठी झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. भारतीय बाजारात पैसे हवेच असतील तर भारतीय समभागांवर चालणारा, पण अमेरिकेतच नोंदलेला ईटीएफ घ्यावा. त्याला हा नियम लागत नाही.

आपल्या पत्रात परत येण्याचा उल्लेख नाही, पण तसा विचार असल्यास एक सूचना. अमेरिकेचे नागरिकत्व न घेता भारतात कायमचे परतल्यावर तेथील ईटीएफ आपल्या नावावर राहिले आणि दुर्दैवाने आपला मृत्यू झाला, तर ६०,००० डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर अमेरिकेचा वारसा कर ४० टक्क्यांपर्यंत लागू शकतो, आणि याबाबत भारत व अमेरिका यांच्यात करार नाही. परतण्याची तारीख ठरण्याआधीच यावर करतज्ज्ञाशी बोलून घ्यावे. हाच धोका थेट अमेरिकेत पैसे पाठवणाऱ्या भारतातील वाचकांनाही आहे.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. तिच्या अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी सहा लाखांची ठेव केली होती, ती पुढच्या महिन्यात परिपक्व होते. व्याज फार कमी मिळाले. ही रक्कम नेक्स्ट ५० च्या ईटीएफमध्ये ठेवली तर तीन वर्षांत वाढेल ना? याशिवाय मी दरमहा ३,००० रुपये बाजूला काढू शकते. (एक वाचक, नाशिक)

ताई, ही रक्कम ईटीएफमध्ये ठेवू नका. वाढेल कदाचित, पण प्रवेशाची फी ठरलेल्या तारखेलाच भरावी लागते आणि बाजाराला ती तारीख ठाऊक नसते. २००८ या एका वर्षात निफ्टी ५० निम्म्याहून अधिक घसरला आणि नेक्स्ट ५० त्याहूनही अधिक. सहा लाखांचे तीन लाख झाले तर पुन्हा सहा लाख होण्यासाठी ते दुप्पट व्हावे लागतात, आणि त्यासाठी लागणारा वेळ मुलीच्या बारावीनंतर आपल्या हाती नसेल.

सहा लाख पुन्हा ठेवीतच ठेवा, मात्र दोन वेगळ्या बँकांत तीन-तीन लाख करून. एका बँकेतील एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच्याच रकमेला ठेव विम्याचे संरक्षण असते. एक ठेव बारावीच्या निकालाच्या सुमारास, जूनमध्ये, परिपक्व होईल अशी घ्यावी आणि दुसरी त्यानंतर एका वर्षाने, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी. दरमहाचे ३,००० रुपये मात्र आपल्या स्वतःच्या उतारवयासाठी आहेत असे समजून, दहा-बारा वर्षे हात लावणार नसाल तर, त्यांतले दोन हजार निफ्टी ५० च्या आणि एक हजार नेक्स्ट ५० च्या इंडेक्स फंडात टाकायला हरकत नाही. त्यासाठी डीमॅट खातेही उघडावे लागणार नाही.